शक्ती बदला, पण घडलेले पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंवर लेख होता. त्यासोबतच्या चौकटीत सुपरमॅन 'सुरुवातीपासून उडू शकतो' असे छापले होते. लेखाच्या शेवटी असेही म्हटले होते की कॉमिक्समध्ये सुसंगती शोधू नये, ती शेवटी मुलांची करमणूक आहे. चाळीस वर्षे कॉमिक्स वाचत आलो आहे, म्हणून या दोन्हींबद्दल लिहितो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. एका उडीत तो मैलाचा आठवा भाग ओलांडायचा, म्हणजे बरोबर एक फर्लांग. आगगाडीला मागे टाकायचा, आणि त्याची कातडी भेदायला निदान फुटता तोफगोळा लागायचा. बस्स, एवढेच. उडणे पुढे १९४०च्या दशकात रुळले. क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याच्या क्रिप्टन या जन्मग्रहाचा त्याला दुबळे करणारा दगड, १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेत अवतरले आणि छापील पानावर यायला त्याला १९४९ उजाडले. पिवळ्या सूर्यामुळे त्याला बळ मिळते हे आज शाळकरी पोरही सांगते, पण तो खुलासा १९६०चा. त्याआधी क्रिप्टनची माणसेच मुळात आपल्यापेक्षा पुढारलेली, असे सांगून भागवले जाई.

या वाढीबद्दल माझी तक्रार नाही. पात्र वाढते तशा त्याच्या शक्तीही वाढणारच. खटकते ती सोयीपुरती आलेली शक्ती. १९५८च्या एका कथेत सुपरमॅनच्या बोटांतून इंद्रधनुष्यी किरण निघतात आणि तळहातातून त्याचीच टीचभर प्रतिकृती बाहेर पडून सारी कामे करू लागते. कथा संपली, शक्तीही गेली. तो इतका बलवान होऊन बसला की त्याला अडवायचे कशाने हेच लेखकांना सुचेना, मग प्रत्येक चोराच्या खिशात क्रिप्टोनाइट सापडू लागले. १९७१च्या सुरुवातीला लेखक डेनी ओ'नील यांनी पृथ्वीवरच्या साऱ्या क्रिप्टोनाइटचे लोखंड करून टाकले आणि सुपरमॅनचे बळही उतरवले. मला तो निर्णय फार धाडसाचा वाटतो. पण पुढच्या लेखकांनी तो पाळला नाही आणि थोड्याच काळात सगळे होते तिथे आले. संकट खरे आहे की नाही हे वाचकाला नायकाच्या मर्यादेवरून कळते. ती मर्यादा दर महिन्याला सरकत राहिली, तर पान उलटताना छातीत धडधड कशी व्हायची?

शक्तींची अशी अडचण, आणि त्याहून मोठी अडचण 'रेटकॉन'ची. छापून, वाचून झालेल्या कथेचा इतिहास मागाहून बदलणे म्हणजे रेटकॉन. यातही दोन जाती आहेत आणि लेखाने त्या एकत्र केल्या याचे मला खरे दुःख झाले.

दुसऱ्या महायुद्धातला नायक कॅप्टन अमेरिका घ्या. १९६४ साली तो बर्फात गोठलेला सापडला आणि १९४५पासून तो तिथेच होता असे सांगितले गेले. पण १९५०च्या दशकात तर त्याचे नवे अंक निघाले होते, त्यांत तो कम्युनिस्टांशी लढत होता. मग तो कोण? १९७२ साली लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी त्या विसंगतीतूनच कथा उभी केली. तो दुसराच माणूस होता, खऱ्याचे रूप आणि नाव घेतलेला, जिथे तिथे शत्रू दिसून मनाचा तोल गेलेला. त्या दशकातल्या अमेरिकेबद्दल एवढे स्पष्ट बोलणारी कॉमिक्स मी फार थोडी वाचली आहेत. जुना अंक खोटा ठरला नाही, उलट पुन्हा वाचावासा झाला. हल्कचेही तसेच. १९६२च्या पहिल्या अंकात तो करडा होता, छपाईत तो रंग धड उमटेना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. पुढे लेखकांनी त्या करड्या हल्कलाच निराळे व्यक्तिमत्त्व दिले.

आता दुसरी जात. १९८०च्या 'एक्स-मेन'च्या १३७व्या अंकात त्या चमूतली नायिका जीन ग्रे मरते. तिच्या अफाट शक्तीने एक सूर्य गिळला आहे आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट झाले आहेत. तिच्या शक्ती काढून घ्यायच्या आणि तिला जिवंत ठेवायचे, असा लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांचा आधीचा बेत होता. मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो मानला नाही. एवढ्या संहारानंतर तिला मोकळे सोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून चंद्रावर, तिचा प्रियकर आणि एक्स-मेनचा नायक स्कॉट याच्या डोळ्यांदेखत, जीन स्वतःच मरण पत्करते. ते पान मी विशीत वाचले आणि अंक मिटवून बराच वेळ बसून राहिलो.

१९८६ साली मात्र ती न्यूयॉर्कजवळच्या जमैका खाडीच्या तळाशी सुखरूप सापडली. मेली ती जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली एक वैश्विक शक्ती होती, असा खुलासा आला. म्हणजे अपराध तिचा नाही, प्रायश्चित्तही तिचे नाही. इतकेच नाही, मधल्या काळात स्कॉटने मॅडेलिन प्रायरशी लग्न केले होते, त्यांना मूल होते. जीन परतली म्हणताच तो बायको-मुलाला सोडून निघून गेला. नायकाच्या अंगावरचा हा डाग झाकायला मग मॅडेलिनलाच जीनची कृत्रिम प्रतिकृती ठरवले, खलनायिका केले आणि मारले. एक मरण रद्द करण्याची किंमत एका निरपराध स्त्रीने मोजली, हे आठवले की मला आजही राग येतो.

सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल १९८५ साली सुपरमॅनला वाचवताना मेली आणि नव्या इतिहासात ती कधी नव्हतीच असे ठरले. स्पायडरमॅनचे १९८७चे लग्न २००७ साली सैतानाशी सौदा करून जगाच्या स्मृतीतून पुसले, कारण संपादकांना तो अविवाहित हवा होता. वीस वर्षे ते लग्न वाचणाऱ्याने काय करायचे?

मूळ कारण मला मालकीत दिसते. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. पात्र कंपनीचे झाले की त्याचा भूतकाळ सांभाळणारा लेखक कुणी राहत नाही, येणारा नवा माणूस आपल्या सोयीने मांडामांड करतो. एकहाती लिहिलेल्या पात्रांतही बदल होतात. आपल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या वाचकांना वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक आठवत असतील. दोघेही ली फॉक यांचे. १९३४मधला मॅन्ड्रेक खरीखुरी जादू करायचा, पुढे तो केवळ संमोहन करणारा झाला. वेताळाच्या पहिल्या कथेत तर जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुणच वेताळ निघणार होता. तो धागा फॉक यांनी अर्ध्यावर सोडला आणि चारशे वर्षांची पिढीजात परंपरा आणली. पण वाचकाला कुणी सांगितले नाही की तू वाचलेस ते घडलेच नव्हते.

'आपल्या पुराणांतही पाठभेद आहेतच' असे यावर कुणी म्हणेल. आहेत. पण नाथांनी भावार्थ रामायण लिहिले म्हणून वाल्मीकींचे रामायण रद्द झाले नाही, दोन्ही घरात राहिली.

राहिला मुलांच्या करमणुकीचा मुद्दा. कॅप्टन अमेरिका, हल्क, एक्स-मेन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या अंकांत वाचकांच्या पत्रांचे पान असे. विसंगती दाखवून ती विसंगती का नाही हे पटवून देणाऱ्या वाचकाला तिथले संपादक स्टॅन ली 'नो-प्राइझ' पाठवत, म्हणजे एक रिकामे पाकीट. त्या रिकाम्या पाकिटासाठी लोक जुने अंक काढून ओळ न ओळ ताडून पाहत. वाचकाच्या स्मरणशक्तीचा तो मान होता आणि तो आजच्या वाचकालाही मिळावा.

आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत एखाद्या पात्राची ओळख द्याल तेव्हा ती कोणत्या सालची आणि कुणी लिहिलेली, एवढे चौकटीत जरूर छापावे. सुपरमॅनच्या बाबतीत १९३८, सीगल आणि शुस्टर, उडी एक फर्लांग.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज