कॉलरचं माप आणि रात्रीचा श्वास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की बेळगावात कुणालाही दम लागू दे, आपण धूळ, धुकं नाहीतर वय यांच्यावर ढकलून मोकळे होतो. मीपण दोन वर्षं तेच केलं, खरं कारण वाढलेलं वजन निघालं, म्हणून हे पत्र.

शहापूरात माझं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. उंची पाच फूट पाच, वजन 104 किलो. मशीनवर वाकलं की छाती कोंडल्यासारखी व्हायची, कपिलेश्वर पूल चालत चढताना तर मध्येच थांबून मोबाईल बघतोय असं नाटक करायचो, लोकांना काय कळतंय. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, वजनाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीपण नाही. रात्री तीन उशा घेऊन झोपायचो तरी सकाळी डोकं जड, आणि दुपारी काजं-बटणं करता करता डुलकी, एकदा तर कात्री हातात असताना.

शेवटी बायकोनंच पकडलं. म्हणाली, "अहो, तुम्ही घोरता घोरता गप्पच होऊलालाय, मी घड्याळ लावून बघितले, वीस सेकंद श्वासच नाही." मी हसलो. मग तिनं मोबाईलवर शूटिंग दाखवलं. घोरणं, मग एकदम शांत, पोट नुसतं हलतंय पण हवा आत नाही, आणि मग बुडणारा माणूस वर आल्यासारखा मोठ्ठा आवाज. हसणं तिथंच बंद.

दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेची टेस्ट करायला लावली, अंगाला वायरी चिकटवून रात्रभर. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की एक वेळ मोजतात, तासाला 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेलं की गंभीर, माझे 41 निघाले.

त्यांनी सांगितलं ते असं. पोटाची चरबी श्वासाच्या पडद्याला वर ढकलते, म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, आडवं झालं की आणखीनच. छातीवरचं वजन प्रत्येक श्वासाला उचलावं लागतं ते वेगळंच. आणि गळ्याभोवती, जिभेतसुद्धा चरबी साठते, झोपेत स्नायू सैल पडले की घसा मिटतो. ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून उठवतो, रात्रभर हाच खेळ, मग बीपी वाढणार नाही तर काय. दमा नसतोच असं नाही, दोन्ही असू शकतं, त्यामुळं माझं वाचून कुणी स्वतःच्या मनानं पंप बंद करू नका.

आता खरी गंमत. डॉक्टरांनी टेप काढून माझा गळा मोजला, 18 इंच. म्हणाले पुरुषाला 17 आणि बाईला 16 च्या वर गेलं की संशय घ्यायचा. संपादकसाहेब, अख्खं आयुष्य मी लोकांच्या कॉलरी मोजतोय की! माझ्या जुन्या माप-वहीत जो पोरगा लग्नाच्या शर्टाला 15 होता तो आता साडेसतरा सांगतोय, वर "मास्तर, जरा सैल ठेवा". कंबरेचं पण तसंच, आपल्याकडच्या पुरुषाला 90 सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच ही हद्द धरतात, माझ्या वहीत त्याच्या आतले मोजकेच.

आता झोपेत हवा दाबून घसा उघडा ठेवणारं मशीन लावून झोपतो, नाकावर मास्क, पहिले आठ दिवस वैताग आला, लाईट गेली की जाग येते. पण दुपारची डुलकी गेली. वजन सात किलो उतरलंय, भाकरी-भाजी चालू आहे, कुंद्याचा डबा दिसला की अजून हात जातो, खोटं कशाला सांगू.

परवा एका गिऱ्हाईकाची कॉलर अठराला टेकली. न राहवून विचारलं, घरात घोरण्याबद्दल कोण काही बोलतं का? माणूस जाम भडकला, शर्ट शिवायचा की डॉक्टरकी करायची म्हणाला. आठ दिवसांनी शर्ट न्यायला आला, पैसे मोजून दिले आणि पायरी उतरता उतरता वळून हळूच म्हणाला, "मास्तर, ती टेस्ट कुठं केलासा तुम्ही?"

आपला,
एक टेलर वाचक, शहापूर, बेळगाव