उणे चिन्ह कुठे गेले?

संपादक महोदय,

कालच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीतली ‘हळदीत सापडले मधुमेहाचे औषध’ ही बातमी वाचली. संगणकावर हे काम करणाऱ्या प्राध्यापकांचे अभिनंदन. ‘९.२ टक्के परिणामकारक’ हा शोध मात्र त्यांचा नसून तुमच्या बातमीदाराचा असावा. औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर ताडणारे (म्हणजे ‘डॉक’ करणारे) ऑटोडॉक व्हिना हे सॉफ्टवेअर टक्के देत नाही. ते बांधणीच्या ऊर्जेचा अंदाज देते : उणे ९.२ किलोकॅलरी प्रतिमोल; आकडा जितका उणे, तितकी बांधणी घट्ट. उणे चिन्हही गेले, एककही गेले.

बरे, अंदाज तरी किती पक्का? व्हिनाच्या २०१०च्या मूळ शोधनिबंधातच प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी दिली आहे. शरीराच्या तापमानाला साधारण १.४ किलोकॅलरीमागे बांधणीची ताकद दहापट बदलते, म्हणजे चूक शंभरपटीची. या मोजपट्टीवर सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाला उणे ८.४ मिळाले म्हणून हळदीतले कर्क्युमिन ‘बाजारातील गोळीपेक्षा सरस’? सिटाग्लिप्टिनचा धनभारित अमाइन गट, ते ज्याला रोखते त्या डीपीपी-४ एन्झाइमच्या ग्लुटामेट २०५ आणि २०६ या ऋणभारित घटकांना धरून बसतो. व्हिना विद्युतभार मोजतच नाही. त्याला तिथे नुसता हायड्रोजन बंध दिसतो. एकाचे पाय बांधून शर्यत लावल्यासारखे झाले हे.

बातमीदाराने एकच विचारायचे होते : एन्झाइमच्या स्फटिकरचनेतले सिटाग्लिप्टिन काढून पुन्हा डॉक केले का, आणि ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसले का? नसेल, तर ग्रिड बॉक्स (रेणू कुठे बसवून पाहायचा ती चौकट) चुकला, कामाचा पाण्याचा रेणू पुसला गेला किंवा आणखी काही बिनसले. पुढचे आकडे रद्दीत.

त्यात कर्क्युमिन म्हणजे नाठाळ रेणू. त्याच्या दोन रूपांपैकी कीटो घेतले की ईनॉल, यावर आकडा हलतो. पीएच ७.२च्या साध्या बफरमध्ये, ३७ अंशांना, अर्ध्या तासात ते सुमारे ९० टक्के विघटित होते. एन्झाइम चाचणी करावी, तर तिथेही पिवळा रंग आडवा येतो. एन्झाइम चालू असले की चाचणीत सुट्या होणाऱ्या एएमसी या चमकणाऱ्या रेणूचा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कर्क्युमिनच शोषते, आणि एन्झाइम चालू असूनही थांबल्यासारखे दिसते. नुसते एएमसी आणि कर्क्युमिन घातलेली तुलनेची वेल (चाचणीच्या तबकडीतली खाच) लावली, तरच हे पकडता येते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एवढ्या औषधकंपन्या. एखाद्या रसायनतज्ज्ञाला फोन करायला काय हरकत होती? बातमी वाचून कुणी गोळी बंद करून हळदीचे दूध सुरू केले, तर ते प्राध्यापकांच्या माथी मारू नका.

संगणकावरच्या कामाला निळ्या द्रवाच्या परीक्षानळीचा फोटो का, हेही कळले नाही. आणि त्याच पानाच्या तळाशी वाशीच्या एका क्लासची जाहिरात : ‘दोन दिवसांत ड्रग डिझायनर व्हा, प्रमाणपत्रासह’. वरची बातमी होती की या जाहिरातीची प्रस्तावना, एवढे तरी कळवावे.

– एक वाचक, ऐरोली