चकती मेलेली नसते, तापलेली असते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दाबातून वीज देणाऱ्या सिरॅमिकवरचा लेख आवडला, पण एका वाक्याला अडखळले. 'एकदा भाजली की या सिरॅमिकवर उष्णतेचा परिणाम होत नाही.' माझी सगळी नोकरी अशा चकत्या भाजण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भट्टीतून नुकती निघालेली चकती कितीही ठोका, वीज देत नाही. तिच्या कणाकणातले ध्रुव वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात आणि एकाने दिलेलं दुसरा खातो. म्हणून आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना चांदीचा थर चढवून ती शंभराच्या वर तापलेल्या सिलिकॉन तेलात बुडवतो, जाडीच्या दर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्ट देतो आणि विजेचा दाब तसाच ठेवून थंड करतो. मग ध्रुव एका दिशेला वळलेले राहतात आणि ती कामाची होते. हे वळण उष्णतेनं लागतं आणि उष्णतेनंच मोडतं. बेरियम टायटॅनेटमध्ये सुमारे १२० अंशांना, नेहमीच्या पीझेडटीत (शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या सिरॅमिकमध्ये) साधारण ३५० च्या आसपास. त्या क्यूरी तापमानापलीकडे गेलेली चकती थंड झाली तरी आपणहून ताळ्यावर येत नाही. आम्ही तर निम्म्या अंशांनाच सावध व्हायचो.

तार जोडायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोकही ३५० च्या घरातच असतं, हे लक्षात घ्या. शिकाऊ मुलं तार चिकटेना म्हणून टोक दाबून धरतात. मग चकतीला तडा नाही, मीटरवर कपॅसिटन्सही (वीज साठवायची क्षमता) ठीक, पण टिचकी मारली तर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ हलत नाही. 'माल खराब' म्हणून ती कचऱ्यात. अशा कितीतरी मी उचलून पुन्हा तेलात घातल्या आहेत, बऱ्याचशा उठल्या.

भट्टीतली चूक मात्र अशी सुधारत नाही. एकदा मुशीच्या झाकणाचा टवका उडालेला मी पाहिला आणि चालेल म्हणून तशीच आत सरकवली. पीझेडटी १२५० अंशांच्या आसपास भाजतात आणि त्या उष्णतेत शिसं ऑक्साइडच्या रूपात उडून जातं. म्हणून तर मूस बंद ठेवायची आणि आत लेड झिर्कोनेटची भुकटी पसरायची. सकाळी फटीजवळच्या चकत्या फिकट निघाल्या आणि तराजूवर हलक्या भरल्या. पूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. नंतर प्रत्येक झाकण मी उजेडासमोर धरून पाहायचे.

बिनशिशाच्या मालाची तऱ्हा आणखी वेगळी. बिस्मथ सोडियम टायटॅनेटच्या काही सिरॅमिक हजारेक अंशांवरून झटकन गार केल्या, तर त्यांचं वळण उलट अधिक तापमानापर्यंत टिकतं. गार सावकाशच करायचं, असं घोकलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

तेवढं वाक्य दुरुस्त करून छापावं. आणि जागा उरलीच तर मुलांसाठी एक ओळ टाका: टोक चांदीच्या थरावर सेकंद-दोन सेकंदच टेकवा, नाही जमलं तर चकती गार होऊ द्या आणि मगच पुन्हा हात लावा.

— एक निवृत्त भट्टी-तंत्रज्ञ