आईचं ‘येस, येस’ आणि आमचा फोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचते. सध्या तिकडून बरेच आईवडील मुलांकडे सहा महिन्यांसाठी यायची तयारी करत असतील, त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

आमच्याकडे अजून घरचा लँडलाइन आहे. आईबाबा आले की दिवसभर तेच दोघं घरी, त्यामुळे फोनही तेच उचलतात. इथे फोनलाइन देणारी लोकल कंपनी आणि लांबच्या कॉल्सची, म्हणजे लाँग डिस्टन्सची कंपनी वेगळी असू शकते. मागच्या वेळी बिल आलं तर लाँग डिस्टन्सच्या पानावर भलत्याच कंपनीचं नाव, आणि बाबा साताऱ्याला आत्याशी बोलतात त्या कॉल्सचे ८७ डॉलर! आमचा इंडियाचा स्वस्त प्लॅन जुन्या कंपनीकडे होता, तो आम्हाला कुणी काही न विचारता गेला. त्या नव्या कंपनीला फोन केला तर म्हणे तुमच्या घरून परवानगी दिलीय, रेकॉर्डिंग आहे. ऐकवलं. एक बाई भराभर विचारतेय, फोनचे बदल करायचा अधिकार तुम्हाला आहे का, कंपनी बदलायला तुमची संमती आहे का, आणि मागे कुकरची शिट्टी आणि आईचा आवाज, ‘येस, येस’. आई म्हणाली, अगं बिल कमी होईल एवढंच कळलं, मी नुसतं हो हो करत होते. आपण समोरचा बोलतोय ते ऐकतोय म्हणून हो म्हणतो, मान्य आहे म्हणून नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये तो फरक कुठे दिसतो.

असं ग्राहकाच्या खऱ्या परवानगीशिवाय फोनची कंपनी बदलण्याला इथे स्लॅमिंग म्हणतात आणि १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टनुसार ते बेकायदेशीर आहे. विक्रीच्या कॉलवर खोटं सांगून मिळवलेली संमती चालत नाही, असा नियम एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, २०१८ मध्ये केलाय. पैसे भरले नसतील तर बदल झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांचे चार्जेस कुणालाच द्यायचे नसतात, ना नव्या कंपनीला ना जुन्या. भरले असतील तर त्या लबाड कंपनीला भरलेल्या रकमेच्या दीडपट पैसे तुमच्या मूळ कंपनीला द्यावे लागतात, आणि त्यातून तुम्हाला तुम्ही भरलेल्याच्या निम्मे परत मिळतात. आम्ही भरले नव्हते म्हणून वाचलो. लोकल कंपनीला सांगून जुनी सर्व्हिस परत लावून घेतली आणि एफसीसीकडे तक्रार केली.

पण हे सगळं टाळता आलं असतं हो. लोकल कंपनीला सांगून लाइनवर ‘फ्रीझ’ लावता येतो, मग आपण स्वतः कंपनीला सांगून तो काढल्याशिवाय दुसरं कुणी आपली फोन कंपनी बदलू शकत नाही. दहा मिनिटांचं काम, आम्हाला एक पैसा पडला नाही, मी मात्र ते आधी केलं नव्हतं. पोस्टाने येणाऱ्या चेककडेही नीट बघा, काही चेकच्या मागे सही केली की तीच कंपनी बदलायची परवानगी ठरते, बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं.

मला सगळ्यात लागलं ते हे, की त्यानंतर आठवडाभर आईने फोनला हात लावला नाही, आत्याचा आला तरी नाही. चूक तिची नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता फोनशेजारी मी मराठीत चिठ्ठी लावलीय, ‘नो, थँक यू’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, समोरचा कितीही गोड बोलो.

तेव्हा विमानात बसायच्या आधीच मुलाला-मुलीला विचारा, घरी लँडलाइन आहे का आणि त्यावर फ्रीझ लावलाय का. आणि लाँग डिस्टन्स सध्या कुणाकडे आहे ते बघायचं असेल तर इथे आल्यावर घरच्या फोनवरून १-७००-५५५-४१४१ फिरवा, कंपनीचं नाव ऐकू येतं.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी