परीक्षणाखाली प्रतीचा तपशील छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत व्हिडिओ गेमची परीक्षणे येऊ लागली, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ती चित्रपट परीक्षणाच्या साच्यात छापली जातात: वर नाव, मध्ये मजकूर, शेवटी तारे. परीक्षक आणि तिकीट काढणारा प्रेक्षक एकच चित्रपट पाहतात. गेमचे तसे नाही. परीक्षकाच्या हाती आलेली वस्तू आणि ग्राहकाने चार-पाच हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू यांत बरेच अंतर असू शकते. हे अंतर बहुतेक वेळा कंपनीने परीक्षणासाठी विक्रीआधीच गेमची प्रत देताना घातलेल्या अटींमुळे पडते. त्या अटी वाचकाला कळायला हव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. परीक्षणे तीन दिवस आधीच प्रसिद्ध झाली होती आणि त्यांत गुणांची खैरात होती. मात्र परीक्षकांना दिलेली प्रत फक्त पीसीची होती. स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखवायला मनाई होती. कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर (कन्सोलवर) गेम कसा चालतो, हे विक्री सुरू होण्याआधी कोणालाच तपासता आले नाही. त्या यंत्रांवर तो अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीला आला. जुन्या कन्सोलवरचा खेळ आधी दाखवला नाही, ही चूक गेम बनवणाऱ्या कंपनीनेही कबूल केली. परीक्षकांपैकी कोणी खोटे लिहिले असे नव्हे. पीसीवर जे दिसले ते त्यांनी लिहिले. पण 'पीसीवर' हा शब्द अनेक ठिकाणी मजकुरात हरवला आणि गुण तेवढे फिरत राहिले.

दुसरी अट वेळेची. ठरलेल्या तासाआधी परीक्षण प्रसिद्ध करायचे नाही, असे बंधन परीक्षक मान्य करतो. त्याला एम्बार्गो म्हणतात. त्यात मुळात गैर काही नाही, उलट घाईघाईने लिहिण्याची शर्यत त्यामुळे टळते. पाहायचे ते एवढेच, की हा तास विक्रीच्या आधीचा आहे की नंतरचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला आणि परीक्षणांवरची बंदी दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. बारा तास लोक आंधळेपणाने पैसे मोजत होते. गेममधले दोष इतके होते, की त्याच महिन्यात कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. विक्रीनंतर उठणारी बंदी हीच वाचकासाठी एक बातमी असते आणि ती परीक्षणात यायला हवी.

ऑनलाइन चालणाऱ्या गेमची गोष्ट आणखी अवघड आहे. मार्च २०१३ मधला 'सिमसिटी' इंटरनेट जोडणीशिवाय चालतच नसे. परीक्षक तो विक्रीपूर्वी, जवळजवळ रिकाम्या सर्व्हरवर खेळले. 'पॉलिगॉन' या गेमविषयक संकेतस्थळाने दहापैकी ९.५ गुण दिले. विक्री सुरू होताच सर्व्हर कोलमडले, लोकांना तासन् तास आत शिरता येईना. 'पॉलिगॉन'ने गुण आधी ८ केले, मग ४, आणि दुरुस्त्या झाल्यावर ६.५. यावरून त्यांची थट्टा झाली. माझ्या मते निर्णय बदलला आणि तो तारखेनिशी नोंदवला, हे त्यांनी योग्यच केले. चुकले ते एवढेच, की पहिला आकडा गर्दीची कसोटी लागण्याआधी दिला. अशा गेमला विक्रीनंतर पाच-सहा दिवस गुण देऊच नयेत. तोवर फक्त प्राथमिक मत छापावे.

खरेदीची सोय गेममध्ये मागाहून घुसवली जाते, तेव्हाही हीच अडचण येते. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड' जून २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय नव्हती. परीक्षणे होऊन गेल्यावर, ऑगस्टमध्ये ती आली. लहान मुलांसाठी गेम घेणाऱ्या पालकांना हे आधी कळणार कसे?

जाहिरातदाराचा दबाव हा जुनाच आजार आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या परीक्षणांच्या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी ६ गुण दिले. त्याच वेळी त्या संकेतस्थळावर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याच महिन्यात त्यांची नोकरी गेली. दबाव नव्हता, असे तेव्हाच्या मालकांनी सांगितले. मार्च २०१२ मध्ये बोलण्यावरचे बंधन उठल्यावर गर्स्टमन यांनी जाहिरातदारांच्या नाराजीचा भाग उघड केला. आपल्या पुरवणीतही एका पानावर परीक्षण आणि त्याच कंपनीची जाहिरात शेजारी शेजारी येऊ नये, एवढी काळजी पानाची मांडणी करतानाच घेता येते.

गुणांचा आकडा किरकोळ वाटतो, पण त्यावर लोकांचे पगार अडतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर (परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर) शंभरपैकी ८५ सरासरी मिळाली तरच बोनस मिळणार होता, मिळाली ८४. मेटाक्रिटिक सर्व परीक्षणांना सारखे वजन देत नाही आणि कोणाला किती देते, हे सांगतही नाही. म्हणून 'मेटाक्रिटिकवर नव्वद' हे वाक्य परीक्षणात पुरावा म्हणून वापरू नये.

यूट्यूबवरच्या मराठी चॅनेलबद्दल लिहिणे भाग आहे, कारण नवी पिढी गेम तिथेच पाहून घेते. 'शॅडो ऑफ मॉर्डोर'च्या प्रचारासाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबर्सना शेकडो ते हजारो डॉलर दिले होते. गेममधले दोष दाखवू नयेत, अशी अट होती आणि पैसे घेतल्याची नोंद व्हिडिओखालच्या मजकुरात दडवली होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये कंपनीवर कारवाई केली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तू, सवलत, प्रवास, हॉटेलचा मुक्काम हे सगळे हितसंबंधात मोडते. व्हिडिओत ते लिहूनही दाखवायचे आणि बोलूनही सांगायचे आहे, तेही ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. मराठीत तासभर गुणगान करून वर्णनाच्या तळाशी इंग्रजीत एक हॅशटॅग टाकल्याने काम भागत नाही. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ग्राहकालाही थोडे हात-पाय हलवता येतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. म्हणून पहिल्या दोन तासांत पात्राचा चेहरा सजवत बसू नये. सर्वात गजबजलेल्या भागात जाऊन गेम अडखळतो का, ते आधी पाहावे. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र डाउनलोड सुरू झाले की परतीचा हक्क साधारणपणे संपतो. कन्सोलवाल्यांना परीक्षणाचाच आधार जास्त, तो यामुळे.

हा सगळा तपशील परीक्षणाखाली एका छोट्या चौकटीत, चार ओळींत बसतो. उदाहरणार्थ: 'प्लेस्टेशन ५ वर ३२ तास खेळून, मुख्य कथा पूर्ण. प्रत कंपनीकडून विनामूल्य, विक्रीच्या सहा दिवस आधी. शेवटच्या दोन प्रकरणांबद्दल लिहू नये, अशी अट. छायाचित्रे परीक्षकाने टिपलेली.' गेम अर्धवट खेळला असेल तर तेही लिहावे. साठ तासांचा गेम आठवडाभर आधी हाती आला, तर रोज साडेआठ तास खेळावे लागते, हे वाचक समजून घेईल. पॅच (कंपनीने मागाहून पाठवलेली दुरुस्ती) आल्यावर मत बदलले, तर त्याच स्तंभात तारखेसह चार ओळी छापाव्यात. पुढच्या अंकापासून हे सुरू करता येईल का, याचे उत्तर आपण याच सदरात द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे