सूचना : रविवारच्या परिषदेत वेबसाइट आणि ऑनलाइन मार्केटिंगचे सत्र

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता शाहूपुरीतील आपल्या नेहमीच्या सभागृहात परिषद आहे. आपली वेबसाइट सांभाळणारी एजन्सी यंदा दुपारचे सत्र घेणार आहे. त्यांनी जाहिरात न करता शिकवायचे, हे आधीच ठरले आहे.

येण्यापूर्वी एक काम नक्की करा. आपल्या दुकानाच्या वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते तपासा. ते स्वतःच्याच नावावर हवे, पासवर्डही आपल्याकडेच हवा. डिझायनर बदलता येतो, पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर ग्राहकांना माहीत असलेला पत्ताच हातचा जातो. माझ्या मते डिझाइनपेक्षा हे महत्त्वाचे.

गुगल आता वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्तीच आधी पाहते, म्हणून आपली साइट फोनवर उघडून बघा. गुगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते. वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवा.

चप्पल आणि गुळाच्या व्यापाऱ्यांनी अवश्य यावे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये, चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख, मिळाले. या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी असेल तर ते वेबसाइटवर ठळक लिहा. बाहेरगावचा ग्राहक खरा माल शोधतच असतो.

नावे शुक्रवारपर्यंत कार्यालयात कळवा, जेवणाची सोय करायची आहे.

– सचिव