४ एमबीचे १६ एमबी करून देणाऱ्यांनो, आभार!

आमचा जुना, ४८६ प्रोसेसरचा डेस्कटॉप आता सुरू होताना १६ एमबी रॅम मोजतो. हे ज्यांच्यामुळे जमलं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

रॅमची ३० पिनांची एक पट्टी एका वेळी ८ बिटच देते आणि ४८६ला लागतात ३२. म्हणून चारही पट्ट्या एकदम बदलायच्या, हे न कंटाळता समजावणाऱ्यांचे आभार. सॉकेटच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या इतक्या वर्षांनी ठिसूळ होतात, जरा जोर लावला की मोडल्याच. पट्टी तिरकी बसवून हलकेच उभी करायची, खिट्टी ‘टक्’ करेपर्यंत. काढताना दोन्ही खिट्ट्या एकाच वेळी बाहेर ढकलायच्या. ही युक्ती सांगणारे तर गुरूच!

आणि चार सारख्या पट्ट्या टपालाने पाठवून पैसे नाकारणाऱ्याला काय म्हणावं? अँटिस्टॅटिक पिशवीवर पेनने लिहिलं होतं, ‘७० एनएस, तपासलेल्या’ (एनएस म्हणजे नॅनोसेकंद, रॅमचा वेग). बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) पहिल्यांदा मेमरी जुळत नाही म्हणून कुरकुरेल, सेटअपमध्ये जाऊन नुसतं सेव्ह करा, हेही आतल्या चिठ्ठीत होतं. तसंच झालं.

रॅम पुरत असल्याने विंडोज ३.१ आता ऊठसूट हार्ड डिस्क खरवडत नाही.